पागनीस आणि पागनीस: सोयरीक जमते का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुम्ही इंदूरचे पागनीस, निदान पाच पिढ्या मल्हारगंजात. मुलासाठी वडोदऱ्याचं एक स्थळ आलं आहे. मुलगी आवडली, पत्रिका जुळते, पण तिचंही आडनाव पागनीस! तुमच्या आत्याबाईंनी तिथेच खोडा घातला: "इतकं क्वचित ऐकू येणारं आडनाव, म्हणजे भाऊबंदच. घरातल्या घरात लग्न लावता का?" म्हणून तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. हे आडनाव आलं कुठून, असे लोक आहेत किती, आणि सगळे पागनीस एकाच मुळाचे का. शिवाय आजोबांच्या पेटीत एक मोडी कागद सापडला आहे. त्यातला 'पागा' हा एकच शब्द कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवला.

मी रामबागेत राहतो. गेली तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या घरचे मोडी कागद वाचून देतो आणि वंशावळी जुळवून देतो. आत्याबाईंचा तर्क मी पुष्कळ घरांत ऐकला आहे. गावावरून पडलेल्या आडनावाला तो बऱ्यापैकी लागू पडतो, कारण एखाद्या आडवळणाच्या खेड्यातून बाहेर पडलेली घरं एक-दोनच असतात. पण तुमचं आडनाव गावाचं नाही आणि कुळाचंही नाही. ते दप्तरातल्या एका बैठकीचं, म्हणजे हुद्द्याचं, आहे. त्या बैठकीवर आज एक घर बसलं, उद्या दुसरं. आणि अशा बैठका मराठी मुलखात एकाच वेळी अनेक ठिकाणी मांडलेल्या होत्या.

शब्द फोडून बघा. 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा तो चिटणीस. पोत म्हणजे खजिना, त्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस. फारसीचा व्यवहार सांभाळणारा पारसनीस. कारखान्यांचा, म्हणजे कोठारं आणि सामानसुमानाचा, तो कारखानीस. हशम म्हणजे पायदळ, त्याची नोंद ठेवणारा हशमनीस. तसाच पागेचा, म्हणजे सरकारी घोड्यांचा, हिशेब लिहिणारा तो पागनीस. गंमत म्हणजे 'पागा'सुद्धा फारसी 'पायगाह'वरून आलेला शब्द. हैदराबादच्या निजामाचे 'पायगा' उमराव ऐकले असतील, त्यांच्या नावातही हाच शब्द आहे. म्हणजे आडनावाचे दोन्ही तुकडे फारसी, आणि ते मिरवणारं घर पक्कं मराठी. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी वरच्या पदांना संस्कृत नावं दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. खालच्या दप्तरातली फारसी नावं मात्र लोकांच्या जिभेवरून उतरली नाहीत, आणि आपली बरीचशी हुद्द्यांची आडनावं या खालच्या दप्तरातून आली आहेत.

तुमच्या काकांनी सांगितलेली 'पाग म्हणजे पगडी, आपण दरबारात पगड्या बांधणारे' ही कथा माळव्यात कानाला गोड लागते, कारण इथल्या बोलीत पगडीला पाग म्हणतातच. पण पगडी बांधणाऱ्याला 'नीस' कशाला लागेल? 'नीस'च्या आधी येतो तो शब्द सहसा ज्याची नोंद ठेवायची त्या वस्तूचा किंवा खात्याचा असतो. तसंच पालघरकडच्या किनाऱ्यावर पागधरे आडनाव आहे. तिथे पाग म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, घोड्यांशी त्याचा काही संबंध नाही. गोव्याचे पागी दर्यावरचे, गुजरातेतले पगी पावलांचे माग काढणारे. नुसत्या आवाजावरून नाती जोडत बसलो तर आपण कुठल्या कुठे जाऊ.

आता काम काय होतं ते बघू, कारण 'सगळे एक का' याचं उत्तर तिथेच आहे.

मराठी घोडदळात दोन जातीचे स्वार असत. स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन येणारा शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. हे सरकारी घोडे म्हणजे पागा. सभासद बखरीत शिवकाळातली रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहायला एक पखालजी आणि एक नालबंद. हिशेब करा, एका हजारीखाली साडेबाराशे घोडी होतात. प्रत्येकाची चंदी, वैरण, नाल, जीन, तोबरा, आगाडी-पिछाडीचे दोर, मोतद्दारांचा पगार. कुम्मैत किती, अबलख किती, पंचकल्याणी किती, कुठलं लंगडं, कुठलं म्हातारं, कुठलं मेलं. घोडं सरकारचं असल्यामुळे मोहिमेत पडलं तर भुर्दंडही सरकारचाच. म्हणजे लढाईच्या दिवशी तलवार महत्त्वाची, पण उरलेले दिवस पागा चालायची ती वहीवर.

या वहीत खोटेपणाला भरपूर वाव होता. सरदाराला पैसा मिळायचा घोड्यांच्या संख्येवर. गणतीच्या दिवशी शेजारच्या तळावरून घोडी उसनी आणायची आणि गणती संपली की परत पाठवायची, हा धंदा फार जुना. म्हणून घोड्याचा रंग, अंगावरच्या खुणा, दातांवरून वय हे सगळं टिपून ठेवायचं. आणि म्हणूनच पेशवाईत ही लिहिणारी माणसं पुष्कळदा सरदाराच्या मर्जीतली नसत, वरून नेमलेली असत. यांना दरकदार म्हणत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, कारखानीस, जामदार, पोतनीस. दरक म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारा हुद्दा. सरदाराला तो सहजासहजी काढता येत नसे, त्यामुळे हिशेबावर एक परकी नजर राहायची. पागेचा लिहिणाराही याच पठडीतला. पागा लहान असली तर बापानंतर मुलगा तिथे बसायचा. मोठी असली, किंवा वरचा मालक बदलला, तर वही दुसऱ्या घराकडे जायची, आणि त्या घरालाही लोक पागनीस म्हणू लागायचे.

अशा पागा होत्या तरी किती? पेशव्यांची हुजुरातीची पागा वेगळी. होळकरांची वेगळी, शिंद्यांची वेगळी, गायकवाडांची वेगळी, धारच्या आणि देवासच्या पवारांच्या वेगळ्या. शिवाय प्रत्येक बड्या सरदाराच्या हाताखालच्या मानकऱ्यांच्या लहान-मोठ्या पागा. ज्या ज्या ठिकाणी सरकारी घोडी बांधली गेली तिथे तिथे कुणीतरी लेखणी घेऊन बसलाच. तो देशस्थ असेल, कऱ्हाडे असेल, कोकणस्थ असेल, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू असेल. लेखणीची कामं या साऱ्यांच्या हाती होती. तेव्हा इंदूरच्या होळकरांच्या पागेवरचे पागनीस आणि वडोदऱ्याच्या गायकवाडांच्या पागेवरचे पागनीस हे एका घरातले असायचं मुळात काही कारणच नाही. असतीलही, पण ते सिद्ध करावं लागेल, धरून चालता येणार नाही.

आपल्या इंदूरचा नकाशा घ्या. मोती तबेला, तोपखाना, जिनसी, छावणी. फौज गेली, नावं राहिली. आणि त्यात चक्क पागनीस पागा नावाची वस्तीही आहे. तुम्ही लिहिलंय की लहानपणी ते नाव ऐकून 'ही आपलीच जागा होती' असं वाटायचं. वाटणं स्वाभाविक आहे. पण ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात चिटणीस की गोठ आहे, खासगी बाजार आहे, आणि म्हणून ग्वाल्हेरच्या प्रत्येक चिटणिसाने त्या गोठीवर हक्क सांगितलेला मी पाहिला नाही. गल्लीचं नाव एवढंच सांगतं की त्या हुद्द्याचं माणूस तिथे राहत होतं. तुमच्या घराचा त्या वस्तीशी संबंध लावायचा असेल तर घर, वाडा किंवा इनाम यांचा कागद लागेल. आडनावाचा योगायोग पुरणार नाही.

हुद्दा आडनावाला कसा गिळतो याची उदाहरणं तुम्हाला शाळेपासून पाठ आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे या नजरेने बघत नाही. नाना फडणवीस. आडनाव भानू, गाव वेळास. पेशवे श्रीवर्धनचे, आडनाव भट. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे चित्रे. औंधचे प्रतिनिधी मूळचे किन्हईचे कुलकर्णी. आपल्या इंदूरचेच बघा ना: महिदपूरला इंग्रजांशी झालेल्या लढाईनंतर होळकरांचा कारभार ज्यांनी सावरला त्या विठ्ठल महादेव किब्यांना सारं जग तात्या जोग म्हणून ओळखतं. घराणं किबे, नाव गाजलं जोग. एखाद्याने 'जोग' एवढ्या एका शब्दावर त्यांची वंशावळ काढायला घेतली तर तो जन्मभर चुकीच्या गावांत हिंडेल.

आता प्रत्येक फडणीस भानू नाही, हे तुम्ही लगेच मान्य कराल. प्रत्येक चिटणीस चित्रे नाही, हेही मान्य कराल. मग प्रत्येक पागनीस एक, असं का वाटतं? केवळ ते कमी आहेत म्हणून. आत्याबाईंच्या तर्कातली फट नेमकी इथे आहे.

कमी का आहेत, याचं कारण निराळं आहे. फडणीस लागायचा सगळीकडे: किल्ल्यावर, महालात, परगण्यात, सरदाराच्या घरी, देवस्थानातसुद्धा. पागनीस लागायचा फक्त पागेवर. मुळात जागाच थोड्या. त्यात २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, त्याच वर्षी पेशवाईही संपली. होळकरांची राजधानी इंदूरला आली खरी, पण फौजेला कात्री लागली. हिशेबाचं काम कुठल्याही राजवटीत चालू राहतं, त्यामुळे फडणीस टिकला. पागा मात्र मोडल्या. मग या पागनिसांनी काय केलं? काहींनी हुद्दा आडनाव म्हणून धरून ठेवला, विशेषतः जिथे त्याबरोबर इनाम किंवा मान जोडलेला होता. बाकीचे गुपचूप आपल्या जुन्या कुलकर्णी, देशपांडे किंवा गावच्या '-कर' आडनावाकडे परतले. माझ्याकडे आलेल्या एका घरात दोन सख्ख्या भावांपैकी थोरल्याची शाखा पागनीस आहे आणि धाकट्याची गावाच्या नावाने. दोन्ही शाखांना एकमेकांचा पत्ता नव्हता. म्हणजे आडनाव एक म्हणून नातं नाही, आणि आडनाव वेगळं म्हणून नातं नाही असंही नाही. आत्याबाईंना हा दुसरा भाग जास्त काळजीने सांगा.

आडनाव कागदावर पक्कं झालं ते फार उशिरा. जुन्या पत्रांत माणसाची ओळख नाव, बापाचं नाव, हुद्दा किंवा गाव अशी चाले, आणि त्यातलं काय लिहायचं ते प्रसंगावर असे. देशावर सावकाराच्या वहीत कुलकर्णी असलेला माणूस लष्कराच्या यादीत पागनीस असायचा. पुढे शाळेचा पट, पेन्शनचे कागद, कचेरीतली नोकरी यांनी एक रकाना आखला, आणि त्या दिवशी जे तोंडी आलं ते आडनाव झालं. इंदुरात १८९१ साली होळकर कॉलेज निघालं. पहिल्या काही वर्षांत तिथे शिकलेल्यांच्या घरी विचारा, आजोबांचं आणि पणजोबांचं आडनाव वेगळं असल्याची एखादी तरी कथा निघते.

किती जण आहेत, या प्रश्नाला मी आकडा देणार नाही. आपल्या जनगणनेत आडनावांची कोष्टकं छापत नाहीत. १९३१ पर्यंत जातींची छापली, आडनावांची तेव्हाही नाही. संकेतस्थळांवर 'जगात तुमच्या आडनावाचे इतके लोक' असे आकडे फिरतात, त्यांवर विसंबू नका. मोजायचंच असेल तर मतदार याद्या हा बरा रस्ता आहे. पण मोजताना दोन सावधगिऱ्या घ्या. एक म्हणजे अक्षरं. मध्य प्रदेशात यादी हिंदीत, त्यात पागनीस, पागनिस, पगनीस अशी तीन रूपं मिळतात. वडोदऱ्याला यादी गुजरातीत. शिवाय नोकरी-पासपोर्टाच्या इंग्रजीवरून परत देवनागरीत आलेलं 'पेगनीस' असलं भयंकर रूपही मी पाहिलं आहे. दुसरं म्हणजे घरं मोजा, डोकी नको. लग्न होऊन आलेल्या सुना आडनाव घेऊन वाढतात, लेकी घेऊन जात नाहीत. वंशाच्या हिशेबात सात नावांचं एक घर आणि दोन नावांचं एक घर सारखंच. असं मोजलंत तर हे आडनाव इंदूर-उज्जैन-देवासच्या पट्ट्यात, ग्वाल्हेर-वडोदऱ्याला आणि अर्थात पुण्या-मुंबईला विखुरलेलं दिसेल. म्हणजे जिथे पागा होत्या तिथे, आणि नोकऱ्या जिथे होत्या तिथे. बाहेरच्यांना तुमचं आडनाव ठाऊक असतं ते बहुधा विष्णुपंत पागनिसांमुळे, ज्यांनी १९३६ च्या चित्रपटात तुकाराम उभा केला. 'ते तुमचे कोण?' हा प्रश्न तुम्हाला पन्नास वेळा विचारला गेला असेल.

आता मुख्य काम. वडोदऱ्याचे पागनीस तुमचे भाऊबंद आहेत का, हे कसं ठरवायचं?

पहिली गोष्ट विचारा मूळ गावाची. इंदूर हे तुमचं मूळ गाव नाही, वडोदरा त्यांचं नाही. दोन्ही घरं दक्षिणेतून आली, सरदारांच्या मागोमाग. होळकर स्वतः नीरेकाठच्या होळचे. 'आम्ही इंदूरचे' हे उत्तर पुसून 'त्याआधी कुठले' हे शोधा. ते जुन्या लग्नपत्रिकेत सापडतं, श्राद्धाच्या संकल्पात कधी सापडतं, आणि बायकांच्या बोलण्यात हमखास सापडतं: 'गावच्या देवीची ओटी राहिली आहे.' कुठल्या गावच्या?

मग कुलदैवत आणि कुळाचार. नुसतं 'आमची तुळजाभवानी' ऐकून हुरळू नका. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी ही दैवतं निम्म्या महाराष्ट्राची. तपशिलात जा. देवघरात टाक किती आणि कुणाकुणाचे? लग्नानंतर गोंधळ असतो की बोडण? चंपाषष्ठी पाळतात का? नवरात्रात माळ कशी वाढवतात? नैवेद्यात काय वर्ज्य? घराणं मूळचं कुठल्या भागातलं आणि कुठल्या समाजातलं, हे या गोष्टी कागदापेक्षा खरं बोलतात, कारण त्या कुणी मिरवायला केलेल्या नसतात. यासाठी आत्याबाईंनाच कामाला लावा. त्यांना इतकं आठवत असेल की तुम्ही थक्क व्हाल.

गोत्र तिसरं, आणि इथे मी स्वतः एकदा सपशेल तोंडावर पडलो आहे. वीसेक वर्षांपूर्वी दोन घरांचं आडनाव एक, गोत्र दोघांचंही काश्यप, म्हणून मी ती एका झाडावर मांडली आणि वर सुबक रेघ ओढून दिली. पुढे एका घराची वेदशाखा ऋग्वेदी आणि दुसऱ्याची यजुर्वेदी निघाली. मूळ गावंही एकमेकांपासून शंभर कोस. झालं होतं असं, की त्यातल्या एका घराला गोत्र मुळी माहीतच नव्हतं. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, हा भिक्षुकी रिवाज. गुरुजींनी कधीतरी तो उच्चार केला आणि पुढच्या पिढीने तो खरा धरला. तेव्हापासून काश्यप दिसलं की मी आधी शाखा, सूत्र आणि प्रवर विचारतो. दोन्ही घरांचं गोत्र वेगळं निघालं तर तुमचा प्रश्न जवळजवळ मिटलाच. एक निघालं तर मात्र तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

चौथं, तीर्थोपाध्यायांच्या वह्या. माळव्यातल्या मराठी घरांसाठी उज्जैनचं सिद्धवट, मग त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि गया. तिथे जाऊन 'पागनीस' म्हणून विचारू नका. बिचारे गुरुजी पानं उलटून दमतील. वह्या बहुधा गावांवरून लावलेल्या असतात. मूळ गाव सांगा, समाज सांगा, पणजोबांचं नाव सांगा. नशीब असेल तर पणजोबांच्याच हाताची नोंद मिळते आणि तीत कधीकधी सोन्यासारखा एक शब्द असतो: 'ऊर्फ'. अमुक ऊर्फ पागनीस. तो मिळाला की हुद्द्याखाली दडलेलं घराचं जुनं नाव हाती लागतं, आणि मग वडोदऱ्याच्या घराचं जुनं नाव त्याशेजारी ठेवून बघायचं.

तुमच्या पेटीतल्या कागदाबद्दल. तुम्ही पाठवलेला फोटो तिरका आणि अर्धा काळा आहे, तरी दोन ठिकाणं वाचता आली. 'पागा'च्या आधी 'निसबत' हा शब्द आहे. निसबत म्हणजे संबंधातला, त्या खात्याकडचा. म्हणजे त्या कागदात 'पागनीस' हे आडनाव म्हणून आलेलंच नाही. पागेकडचा माणूस असा तो उल्लेख आहे, आणि तुमचं आडनाव अजून घडायचं आहे. दुसरं म्हणजे साल. 'सु॥ समान अशर मयातैन व अलफ' असं आहे. घाबरू नका, ते अरबी आकडे आहेत: आठ, दहा, दोनशे, हजार. जुन्या मराठी दप्तरातल्या कालगणनेचं, म्हणजे सुहूर सन, १२१८. मृगापासून हे वर्ष सुरू होतं. जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरच्या तारखेला ६००. म्हणजे १८१७-१८, ऐन महिदपूरचं वर्ष. चंद्राची तारीख वाचता आली तर कागद लढाईच्या आधीचा की नंतरचा तेही सांगता येईल. एक शंका आत्ताच फेडतो: नीस की निस, दीर्घ की ऱ्हस्व, यावरून तुमचे चुलते भांडतात असं लिहिलंय. मोडीत त्या दोन इकारांत भेदच करत नसत. तेव्हा पूर्वजांनी काय लिहिलं यावर भांडून कुणीच जिंकणार नाही.

दत्तकाचीही चौकशी करा. वडोदऱ्याच्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यांचे सयाजीराव महाराजच १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आले. घरातला एखादा पणजोबा दत्तक असेल तर आडनाव एका घराचं आणि रक्त दुसऱ्या घराचं. विवाहाच्या बाबतीत कायदा दत्तकाची जन्मघराची नातीही धरतो, तुटली असं मानत नाही.

कायद्याचं एका परिच्छेदात सांगतो. सगोत्र विवाहाला कायद्याची आडकाठी १९४६ पासून नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बघतो ते सपिंड नातं: बापाकडून पाच पिढ्या, आईकडून तीन, आणि मोजताना वर किंवा वधू हीच पहिली पिढी. आडनावाचा त्यात कुठेही उल्लेख नाही. तुमच्याच सांगण्याप्रमाणे तुमचं घर पाच पिढ्या इंदुरात आहे आणि त्यांचं त्याहून जुन्या काळापासून वडोदऱ्यात. मग बापाकडून पाचाच्या आतला समाईक पुरुष निघणं कठीण आहे. तरी दोन्हीकडच्या पाच-पाच नावांच्या याद्या शेजारी ठेवून बघा, पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि आत्याबाईंना आणखी एक गणित घाला: सात पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाचे त्या एका पायरीवर १२८ पूर्वज होतात. त्यातल्या एकाचंच आडनाव आपण लावतो. उरलेल्या १२७ जणांच्या आडनावांची चौकशी आजवर कुठल्या लग्नात झाली? इंदूरच्या चार मराठी मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या आहेत. आईकडून नातं निघायची शक्यता इथल्याच एखाद्या वेगळ्या आडनावाच्या मुलीशी जास्त.

तेव्हा वडोदऱ्याला फोन करून आडनावाचा विषय काढू नका, अवघडल्यासारखं होईल. मूळ गाव, गोत्र-शाखा, कुलदैवत, देवघरातले टाक, आणि 'पागनीस' होण्याआधी घरात कुठलं नाव लावत एवढंच विचारा. या पाचांतली तीन उत्तरं तुमच्याशी जुळली तर मला कळवा, मग मी त्यांचेही कागद बघतो. एकही जुळलं नाही तर साखरपुड्याची तारीख धरा.

आणि तो कागद लॅमिनेट करायला निघाला आहात असं लिहिलंय, ते करू नका. एकदा प्लास्टिक चिकटलं की कागद परत निघत नाही. सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी सपाट ठेवून अगदी वरून फोटो काढा, फ्लॅशशिवाय, आणि पाठीमागचाही काढा. जिथे दोन कागद डकवले आहेत त्या जोडावर मागे शिक्का असतो. समोरच्या मजकुराइतकाच मला तो शिक्का हवा आहे.